शेवटी गाण्याचा मान

धारच्या नीलकंठ सबनिसांना कुणी विचारलं, की तुम्ही करता काय, तर ते सांगत, सिंचन विभागात बाबू होतो, आता पेन्शनीत आहे. पण गावाला विचारलंत तर गाव सांगे, की सबनिसांचा खरा धंदा मानपानाचा. गंध आधी कुणाला लावायचं, पंगतीत कुणाचं पान कुणाच्या वर मांडायचं, आरतीचं तबक पहिल्यांदा कुणाच्या हाती द्यायचं, या कामात त्यांचा हात धरणारा माणूस धारमध्ये उरला नव्हता. पणजोबा संस्थानात सबनिशी करत. संस्थान गेलं, दरबार गेला, दरबारी पागोटी मुलांनी गॅदरिंगच्या नाटकात घालून फाडली, पण सबनिसांच्या डोक्यातला दरबार काही उठला नाही. एकदा इंदूरच्या एका लग्नात पत्रिकेवर त्यांचं नाव धाकट्या चुलतभावाच्या खाली छापलं गेलं, तर हा गृहस्थ अक्षता टाकून, पाण्याचा घोट न घेता, मिळेल त्या बसने घरी परत आला. घरी थोरली बहीण, ताई. सबनिसांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, आणि विधवा ताई तेव्हापासून त्यांच्याकडेच होती. तिने भावाचा चेहरा पाहिला, काय झालं असेल ते ओळखलं, आणि म्हणाली, "उपाशी आलास ना, नीलू? मग बस आता मान खात." आणि वर पिठलं टाकायला घेतलं.

लोक हसत, आणि हसण्यासारखंच होतं. पण सबनिसांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा माणूस मान जेवढा मागायचा तेवढाच द्यायचाही. त्यांच्या गल्लीतल्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी गाण्याची बैठक होई. तिथे जवळच्या तिरला गावच्या शाळेतले एक तरुण मास्तर तबला वाजवायला येऊ लागले, बळवंतराव महाडिक. तबलजीने मागे भिंतीला टेकून बसायचं, गवई उठला की सतरंजी झटकायची, अशी तिथली जुनी रीत. सबनिसांनी पहिल्याच गुरुवारी स्वतःच्या हाताने घोंगडीची घडी पुढे घातली, बळवंतरावांना आपल्या बरोबरीने बसवलं, आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "हे संगतीला बसतात, चाकरीला नाही." बळवंतराव अबोल गृहस्थ. पण त्यानंतर त्यांनी गुरुवार चुकवला नाही.

अशी तीसेक वर्षं गेली. बैठकीतली माणसं एकेक करून कमी झाली. कुणी पुण्याला मुलाकडे गेलं, कुणी वर गेलं, कुणाचे गुडघे गेले. शेवटी दोघंच उरले, एक गाणारा आणि एक वाजवणारा, आणि ऐकायला दत्त. दोघांपैकी कुणीही मोठा कलावंत नव्हता. सबनिसांचा आवाज वरच्या षड्जाला पोचता पोचता थकायचा, आणि बळवंतरावांना तबल्याचे ठरलेले चार कायदे सोडून पाचवा येत नव्हता. पण इतक्या वर्षांनी दोघांना एकमेकांचं श्वास घेणंसुद्धा पाठ झालं होतं. अजूनही ते एकमेकांना अहो-जाहोच करत. त्या बाबतीत दोघेही जुन्या वळणाचे होते.

मग बळवंतरावांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहाचा कप वाजायचा, मग सही वेडीवाकडी येऊ लागली. इंदूरच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळी घेतली की तासाभरात हात मोकळा होई, दोन-तीन तास बरे जात, आणि मग पुन्हा हात जड होऊन बसे. ते बघून सबनिसांनीच बैठक संध्याकाळची सकाळी आणली. बळवंतराव न्याहारीबरोबर गोळी घेऊन येत आणि हात चालेल तोवर वाजवत. त्या दोन तासांत त्यांच्याकडे पाहून कुणी म्हटलं नसतं, की हा माणूस रोगी आहे.

बळवंतरावांचा मुलगा पियूष देवासला एका कारखान्यात होता. मुलगा चांगला, हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा गोष्टींत मुलाला वाईट ठरवायची घाई असते. आई गेल्यापासून तो बापाच्या मागे लागला होता, की धारचं घर बंद करा आणि माझ्याकडे या. दिवाळीत बळवंतराव न्हाणीघरात पडले, आणि मग पियूषने हट्टच धरला. बळवंतराव एकच उत्तर देत, "माझे हात चालतात अजून. गुरुवारी वाजवतो मी."

"बाबा, मी तुम्हाला वाजवताना बघितलंय कुठे?" पियूष म्हणाला. ते खरंच होतं. लहानपणी बापाचा तबला सुरू झाला की तो क्रिकेटला पळायचा, आणि मोठेपणी त्याला सवड नव्हती. "असं करू. संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या मराठी मंडळाचा म्युझिकचा प्रोग्राम आहे. सगळे हौशीच असतात. तुम्ही आणि सबनिस काका या. मी समोर बसून ऐकतो. हात चालत असेल तर मी परत हा विषय काढणार नाही, आई शप्पथ. नाही चालला तर सामान बांधायचं. मंजूर?"

बळवंतरावांनी मंजूर म्हटलं. गुरुवारी देवळात त्यांनी ही हकीकत सांगितली तेव्हा सबनिसांना त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं दिसलं. हा माणूस घाबरलेला नव्हता, खूश होता. "पियूष ऐकणार आहे," बळवंतराव पुन्हा म्हणाले, आणि तबल्याच्या गठ्ठ्यांवर हातोडीचे दोन ठोके नको तेवढे जोरात मारले.

त्यानंतर सबनिसांकडे देवासहून फोन आला. मंडळाचे सचिव अरविंद बोलत होते. पियूषच्याच कारखान्यात साहेब, वयाने पन्नाशीचे, माणूस मोठा लाघवी. "काका, नमस्कार. पियूष भियाने तुमचं नाव दिलं नं, तर मी म्हटलं तुम्हाला पहिला नंबर देऊन टाकू. सुरुवातीला सगळं फ्रेश राहतं. मग आमच्या लोकांचे कराओके-बिराओके चालत राहतील दिवसभर."

सबनिसांच्या कानशिलावरची शीर उडाली. "पहिला? अहो, पहिल्यांदा शिकाऊ मुलं गातात. आम्ही गाऊन उठायचं आणि आमच्या मागून पोरासोरांनी गायचं, हे कुठल्या बैठकीत बसतं?"

"मग कसं करू, काका?"

"ज्येष्ठ शेवटी गातात. आम्हांला शेवटी ठेवा."

"अरे वा, मग तर टेन्शनच गेलं," अरविंद म्हणाले, आणि त्यांना मनापासून बरं वाटल्याचं ऐकू आलं. "शेवटचा नंबर घ्यायला कोणी तयारच नाही होत, काका."

हे वाक्य नीट ऐकलं असतं तर कुणीही सावध झालं असतं. सबनिसांनी त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला, की शेवटी बसायची स्वतःची योग्यता नाही हे देवासकरांना कळतं. फोन ठेवून त्यांनी समोरच बसलेल्या बळवंतरावांना हिशेब समजावून सांगितला. अकराला सुरू, एकला जेवण, म्हणजे आपण साडेबाराच्या सुमारास बसणार. सकाळची गोळी तिथे पोचल्यावर घ्यायची, वेळ बरोबर साधते. ताई आत तीळ भाजत होती, ती तिथूनच म्हणाली, "नीलू, त्यांच्या हाताचं बघ आधी. पहिल्यांदा वाजवलंत तर कुणाचं काय जातं?"

"ताई, तुला बैठकीतलं कळत नाही."

"मला बैठकीतलं नाही कळत. तुझं कळतं," ताई म्हणाली. बळवंतराव मधे पडले नाहीत. ते म्हणाले, "नीलकंठराव म्हणतात तसं करू." हे वाक्य ते तीस वर्षं म्हणत आले होते.

रविवारी दोघे पहाटेच्या बसने निघाले आणि इंदूरला गाडी बदलून देवासला पोचले. थंडी कडाक्याची होती. बळवंतरावांनी तबल्याची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. बस स्टँडवर पियूष गाडी घेऊन आला होता. हॉल एका मंगल कार्यालयाचा होता. आदल्या रात्रीच्या लग्नाचा लाल मखमली सोफा अजून स्टेजच्या मधोमध होता, आणि मागे नवरा-नवरीची नावं थर्माकोलमध्ये तशीच लटकत होती. त्यांवर मंडळाचा कापडी फलक आडवा बांधला होता, तरी एक अक्षर खालून डोकावतच होतं. दाराशी पोह्यांची परात होती, वर शेव आणि जीरावनचा मसाला. सबनिसांना हॉल बघून बरं वाटलं नाही, पण पोहे बघून जरा बरं वाटलं. बळवंतरावांनी पोह्यांबरोबर गोळी घेतली.

अकरा वाजले आणि काहीच झालं नाही. स्टेजवर एक मुलगा माइकमध्ये फुंकर मारत होता. अरविंदची भाची कोमल निवेदन करणार होती. ती मोबाइलवर नावं उतरवून घेत होती, आणि जो येईल तो आपलं नाव वर लावून घेत होता. "दीदी, माझ्या मुलीचं आधी करून द्या, तिचा ट्यूशन आहे." "आमचं मिसेसचं आधी घ्या, गावी जायचं आहे." कोमल बिचारी सगळ्यांना हो म्हणत होती. सबनिसांनी तिच्याजवळ जाऊन विचारलं, की भारतीय बैठकीची व्यवस्था कुठे आहे, कारण तबला जमिनीवर बसून वाजतो. कोमलने अरविंदकडे पाहिलं, अरविंदनी सोफ्याकडे पाहिलं. "सोफ्यावर बसून नाही होणार का, काका?"  पियूष उठला, कुठून तरी दोन गाद्या आणि चादर घेऊन आला, आणि त्या स्टेजच्या कडेला गुंडाळून ठेवल्या.

बारा वाजून गेल्यावर कार्यक्रम सुरू झाला, तोही दीपप्रज्वलनाशिवाय, कारण दीप लावणारे प्रमुख पाहुणे आले नव्हते. ते शहरातले मोठे व्यापारी, मंडळाचे देणगीदार. सकाळी मोहनखेड्याला दर्शनाला गेले होते आणि तिथून निघालेच आहेत, असं अरविंद दर थोड्या वेळाने माइकवर येऊन सांगत होते. सबनिसांना हे सांगणं नको झालं. मोहनखेडा धारच्याही पलीकडे. तिथून निघालेला माणूस देवासला कधी पोचणार हे धारच्या माणसाला कुणी सांगायला नको.

मग गाणी सुरू झाली. पेनड्राइव्ह घालायचा, वाजंत्री सुरू करायची आणि तिच्या मागे धावायचं. कुणाचं वाद्य एका पट्टीत आणि गळा दुसऱ्या. एक गृहस्थ मोबाइलवर शब्द बघून गात होते, मधे बायकोचा फोन आला तेव्हा शब्द गेले, तरी वाजंत्री चालूच राहिली आणि ते हसत उभे राहिले. त्याच्याही टाळ्या झाल्या. ज्याचं गाणं झालं तो आपल्या चार माणसांसकट उठून बाहेर उन्हात जाऊन बसत होता. दर गाण्यागणिक खुर्च्या रिकाम्या होत होत्या. सबनिस ताठ बसून हे सगळं बघत होते आणि आतून चिडत होते. त्यांना वाटत होतं, की आपण शेवटी बसलो की या लोकांना कळेल, गाणं म्हणजे काय.

बळवंतराव त्यांच्या डाव्या हाताला बसले होते. गोळी लागू पडली होती. ते मांडीवर बोटांनी ठेका धरत होते, आणि बोटं अगदी मोकळी, तरुण माणसासारखी पडत होती. पियूष दोन खुर्च्या सोडून बसला होता. त्याचं लक्ष गाण्याकडे नव्हतं, बापाच्या बोटांकडे होतं, हे सबनिसांनी पाहिलं.

तेवढ्यात स्टेजवर गोंधळ झाला. कुणाचा तरी पेनड्राइव्ह उघडेना. कोमल माइकवरून विचारू लागली, कुणाकडे लॅपटॉप आहे का. अरविंद धावत सबनिसांकडे आले. "काका, हे आता पंधरा-वीस मिनिट चालेल. तुम्ही चढून जा नं आत्ता. स्टेज रिकामं आहे."

बळवंतराव हळूच म्हणाले, "नीलकंठराव, आत्ता हात बरा आहे."

त्यांनी असं काही मागायची ही पहिलीच वेळ. सबनिसांनी ते ऐकलं, ऐकलं नाही असं नाही. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. कुणाचं यंत्र बिघडलं म्हणून भरतीला आम्ही? पाहुणे आलेले नाहीत, दीप लागलेला नाही, निम्मा हॉल उन्हात बसलाय. "असं मधेच कसं बसायचं?" ते अरविंदना म्हणाले. "आमचं शेवटी ठरलंय." आणि बळवंतरावांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "थोडा दम धरा. पाहुणे येऊ देत."

बळवंतरावांनी मान हलवली.  पेनड्राइव्ह उघडला.

त्यानंतर जे झालं त्याला कार्यक्रम म्हणायचं की गोंधळ, हे ज्याने त्याने ठरवावं. पाहुणे आले, दीप लागला. आल्या आल्या देणगीदारांचे सत्कार, मग ज्यांनी हॉल स्वस्तात मिळवून दिला त्यांचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. पाहुण्यांचं भाषण झालं, त्यात संगीताबद्दल एक वाक्य होतं. बायकांचं हळदीकुंकू स्टेजवरच उरकलं, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटले, आणि लकी ड्रॉ निघाला. मग माइकवर जेवणाची घोषणा झाली. जेवणानंतर उरलेली गाणी, असं कोमल म्हणाली, पण तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच लोक उठले होते. जेवण झालं आणि निम्मी माणसं घरी गेली.  बळवंतरावांना चमचा धरवेना, पियूषने त्यांना शेजारी बसून भरवलं.

गोळीचा अंमल उतरत होता. सबनिसांनी विचारलं, "दुसरी घ्यायची का?"

"संध्याकाळच्या आत नको म्हणालेत डॉक्टर. मागे एकदा घेतली होती, घेरी आली." बळवंतरावांनी उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता. "बघू. सुरू झालं की येतो हात, कधी कधी."

शेवटी उरलेली गाणीही संपली, किंवा गाणारे निघून गेले म्हणून संपल्यासारखी झाली. उन्हं कलली होती. दुपारच्या सारंगाची तयारी केली होती, त्याची वेळ केव्हाच टळली होती. संध्याकाळी त्याच हॉलमध्ये कुणाचा तरी साखरपुडा होता, आणि डीजेवाले आपले काळे खोके मागच्या दाराने आत आणू लागले होते. कार्यालयाचा माणूस खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात रचत होता. अरविंद घामाघूम होऊन आले. "काका, या. सॉरी, फार उशीर झाला. बस थोडक्यात करून टाका, हं? पाच-सात मिनिट. हॉल सोडायचा आहे."

स्टेजवर गाद्या टाकल्या. समोर अरविंद होते, कोमल, कुणाच्या तरी दोन आज्या ज्यांची गाडी आली नव्हती, आणि पहिल्या रांगेत मधोमध पियूष. सबनिसांनी आलाप सुरू केला. त्यांना वाटलं होतं, संताप येईल, पण संताप आला नाही.  बंदिशीचं तोंड घेऊन ते समेवर आले आणि बळवंतरावांकडे पाहिलं.

बळवंतरावांचा हात उचलला गेला आणि तबल्यावर पडायच्या आधी मधेच थांबला. मग पडला, पण उशिरा. पुढचा बोल आलाच नाही. त्याच्या जागी बोटं तबल्याच्या शाईवर थरथरत राहिली, आणि पुढ्यात माइक असल्यामुळे ती थरथर सगळ्या हॉलभर ऐकू आली. सबनिसांनी लय उतरवली. तोंड पुन्हा घेतलं. तीस वर्षं ज्या माणसाने त्यांना सांभाळून घेतलं, त्याला सांभाळून घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला, समेच्या अलीकडे रेंगाळले, पलीकडे थांबले. डावा हात चालत होता. उजवा काही येईना. मागे डीजेवाला हॅलो, चेक, हॅलो म्हणत होता. बळवंतरावांच्या कपाळावर थंडीत घाम आला होता, आणि ते कुणाकडेच बघत नव्हते, पियूषकडे तर नाहीच.

कोमल चांगल्या मनाने उठली. माइकपाशी येऊन हळूच म्हणाली, "काका, माझ्या मोबाइलमध्ये तबला आहे. लावून देऊ?" आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत तिने लावला. तीनताल सुरू झाला, स्वच्छ, एकसारखा. बळवंतरावांनी दोन्ही हात तबल्यावरून काढून मांडीत ठेवले.

त्याच क्षणी सबनिसांनी उठायला हवं होतं. इंदूरच्या भरल्या मांडवातून उठून आलेला हा माणूस, पण इथे त्यांना उठता आलं नाही. अर्ध्यावर उठणं म्हणजे बळवंतरावांचं हसं करणं, असं त्यांना वाटलं, आणि गात राहणं म्हणजे काय हे कळत असूनही ते गात राहिले. मोबाइलच्या तालावर त्यांनी बंदिश पुरी केली, आणि शेजारी बळवंतराव तबला पुढ्यात घेऊन नुसते बसून राहिले. तिहाई घेताना सबनिसांनी सवयीने डावीकडे पाहिलं. बळवंतरावांनीही सवयीने मान हलवली.

टाळ्या झाल्या, होत्या तेवढ्यांच्या. अरविंदनी शाल आणि नारळ आणला. "आजचे आपले सर्वांत ज्येष्ठ कलाकार," ते माइकवर म्हणाले आणि सबनिसांच्या खांद्यावर शाल घातली. एकच उरली होती, त्यामुळे बळवंतरावांना त्यांनी हातात तिळगूळ दिला.

खाली चहा होता. पियूषने बापाचा कप बशीसकट आपल्या हातात धरला.  मग तो म्हणाला, "बाबा, आजच राहून जा इथे. आता बसने कुठे जाता या हाताने? सामान मी येत्या रविवारी घेऊन येतो."

"बरं," बळवंतराव म्हणाले. ठरलं होतं त्याप्रमाणे होतं, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

"अरविंद भिया म्हणत होते, तुम्हाला आधी पहिला नंबर दिला होता. नको कोण म्हणालं?"

सबनिसांच्या हातातला कप तसाच राहिला. बळवंतरावांनी चहाचा घोट घेतला, आणि त्यांच्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "मीच म्हणालो नीलकंठरावांना. शेवटी वाजवायचा मान असतो, बाळा."

सबनिसांनी बोलायला तोंड उघडलं होतं. एक वाक्य पुरे होतं, आणि ते जिभेवर आलंही होतं. पण खांद्यावर शाल होती, समोर मित्राचा मुलगा होता, अरविंद बाजूला उभे होते, आणि ज्याने सबंध आयुष्य आपला पहिला-दुसरा सांभाळण्यात घातलं त्याला त्या घडीला ते बोलणं झालं नाही. त्यांनी चहा पिऊन टाकला. पियूष म्हणाला, "काका, तबला तुम्हीच घेऊन जा. फ्लॅटमध्ये जागाही नाही, आणि आता..." 

परतीच्या बसमध्ये सबनिसांच्या मांडीवर तबल्याची पिशवी होती. ताईने दार उघडलं, पिशवी पाहिली, आणि मागे कुणी आहे का म्हणून गल्लीत पाहिलं. मग आत जाऊन ताट वाढलं. ताईने टोमणा मारला असता तर सबनिसांना सोपं गेलं असतं.

चार रात्री त्यांना झोप आली नाही. गुरुवारी सकाळी ते सवयीने देवळात गेले, घोंगडी घातली, आणि गायला बसलेच नाहीत. मग घरी येऊन त्यांनी देवासला फोन लावला. पियूषने उचलला. बाबा झोपलेत म्हणाला.

"मला तुझ्याशीच बोलायचंय," सबनिस म्हणाले.  "तो पहिला नंबर मी नको म्हटलं होतं. बळवंतरावांनी नाही. मधे अरविंद बोलवायला आले, तेव्हाही मीच नाही म्हणालो. तुझे बाबा तर म्हणत होते, आत्ता हात बरा आहे. त्यांचा हात चालत होता, पियूष. तू पाहिलंस ना मांडीवर ठेका धरताना? माझ्यामुळे राहिलं ते."

 मग पियूष म्हणाला, "काका, ते मला तेव्हाच कळलं होतं. बाबा कधी कुणाला नको म्हणालेत का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. सबनिसांना वाटलं, राग असता तर धरायला काहीतरी मिळालं असतं. ते घाईघाईने म्हणाले, "मग त्यांना परत येऊ दे. सकाळचे दोन तास असतात त्यांचे. मी रोज घरी न्यायला जाईन, आणून सोडीन. नाहीतर मी तबला घेऊन येतो तिकडे. शनिवारी येऊ का? जास्त वेळ नाही बसणार."

"राहू द्या, काका," पियूष म्हणाला. "मी त्यांना विचारलं होतं, की काकांना तबला आणायला सांगू का म्हणून. ते नको म्हणाले."